गांबारिमास, असं मी तिच्या वतीनं म्हणाले

अन्याय झाला तो माझ्या ऑफिसातल्या ताईवर. गेल्या वर्षी, मार्चमधल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी, नेदरलँड्समधल्या हूफडॉर्प गावी एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मीटिंग रूममध्ये. खोलीत आम्ही सहाजण होतो. अन्याय करायला एक शब्द पुरला आणि तो मी उच्चारला.

पत्रक लिहायला शिकवतात तेव्हा आधी हेच शिकवतात. कोणावर, कधी, कुठे, कोणी केलं. विशेषणं मागाहून. पुण्यात कॉलेजात असताना मी अशी पुष्कळ पत्रकं लिहिली. वसतिगृहाच्या पाण्यावर, रखडलेल्या शिष्यवृत्तीवर, मेसमधल्या अळ्यांवर. त्या सगळ्यांत ‘कोणी केलं’ या जागेवर दुसरं कोणीतरी असायचं आणि मी तापलेली असायचे. या वेळी त्या जागेवर मी आहे आणि मला काही वाटत नाही. म्हणजे वाटायला हवं ते वाटत नाही. राग कुठे येतो ते मला चांगलं माहीत आहे, घशाच्या खाली, डाव्या बाजूला. वर्षभर तिथे चाचपून बघते आहे. काही नाही.

माझं काम सांगते. एका जपानी कंपनीचं युरोपातलं ऑफिस इथे आहे. तिच्या गोदामांचं सॉफ्टवेअर आमची पुण्याची कंपनी करते. मधे जो माणूस बसतो, दोन्हीकडचं ऐकतो आणि दोन्हीकडे सांगतो, त्याला ब्रिज इंजिनिअर म्हणतात. पूल. माणसं त्यावरून जातात. पुण्यात जपानी शिकलेल्यांना हे काम मिळतं. मी शिकले ती बंद पडलेल्या एका टायपिंग इन्स्टिट्यूटच्या खोलीत, दर शनिवारी सकाळी, टेबलांवर अजून टाइपरायटरच्या खुणा होत्या तिथे.

तिथे अगदी सुरुवातीच्या धड्यांतच ते क्रियापद भेटलं. गांबारु. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, याला मराठीत एक शब्द नाही, वहीत जागा सोडा आणि येईल तसं भरत जा. मी भरत गेले. नेट लावणं. तग धरणं. दम काढणं. मागे न हटणं. लिहायचं तर दोन अक्षरं, एक हट्टाचं आणि एक ताणायचं. परीक्षेला निघालेल्या मुलीला आई दारातून म्हणते, गांबात्ते. धावण्याच्या शर्यतीत रस्त्याकडेला उभे असलेले अनोळखी लोक म्हणतात, गांबात्ते. ऑफिसातून लवकर निघणारा मागे राहिलेल्यांना तेच म्हणतो. आणि ज्याला म्हटलं तो उत्तर देतो, गांबारिमास. करीन. सोडणार नाही. जमेल असं तो म्हणत नाही, हे लक्षात ठेवा. जमेपर्यंत मी जागचा हलणार नाही, एवढंच म्हणतो.

हे सगळं मला तेव्हा फार आवडलं. वीस वर्षांची होते, चळवळीत होते, मला तर हे आपलंच क्रियापद वाटलं. वहीच्या मागच्या पानावर मी ते शाईनं मोठ्ठं लिहून ठेवलं होतं.

आता ताई. ती टेस्टिंगची लीड. माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, कोथरूडची, बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहणारी. मी तिच्यापासून दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहते. नवरा आइंडहोवनला प्रोजेक्टवर, शनिवार-रविवारीच घरी. मुलगी अकरा वर्षांची. सकाळी आम्ही दोघी सायकलनं स्टेशनला जायचो, तिथून ट्रेन. नेदरलँड्समध्ये मला जर कोणी जेवलीस का असं रोज विचारलं असेल तर तिनं.

त्या मंगळवारच्या आदल्या दिवशी, सोमवारी सकाळी, ट्रेनमध्ये ती म्हणाली, “अगं, माझा डावा कान बंद झालाय. उठले तशी. आत नुसती शिट्टी वाजतेय.”

“सर्दी असेल. विमानात होतं तसं.”

“विमानात बसल्याशिवाय? फुकटात?”

हसलो दोघी. तरी तिनं शहाण्यासारखं ट्रेनमधूनच डॉक्टरकडे फोन लावला. इथे आधी आपल्या भागातल्या फॅमिली डॉक्टरकडे जायचं, त्याला हाऊसआर्ट्स म्हणतात, आणि त्याच्या मदतनीस बाईनं फोनवर परवानगी दिली तरच. त्या बाईनं विचारपूस केली आणि चक्क दुसऱ्याच दिवशीची वेळ दिली. मंगळवार, दुपारी साडेचार. इथल्या हिशोबानं ही घाई होती. आम्हाला ती घाई कळायला हवी होती. ताई म्हणाली, “बघ, लगेच मिळाली, नशीब.” आणि तिनं काय केलं? मंगळवारी दुपारसाठी अर्धा दिवस सुट्टी टाकली. स्वतःच्या वार्षिक सुट्टीतून.

हा मूर्खपणा फक्त आपली माणसं करतात. इथल्या कायद्यानं आजारी माणसानं सकाळी फोन करून ‘मी आजारी आहे’ एवढंच सांगायचं असतं. काय झालंय हे विचारायचा मॅनेजरला अधिकार नाही. सुट्टी कापली जात नाही. डच माणूस नाक गळायला लागलं की फोन करतो आणि घरी बसतो. आपण तापानं फणफणत सुट्टीचा अर्ज भरतो, कारण म्हणून ‘पर्सनल वर्क’ लिहितो आणि वर लॅपटॉप सोबत ठेवतो. इथे राहायचं परमिट कंपनीच्या नावावर आहे ना. नजरेत यायला नको.

आणि मला हे माहीत होतं. माहीत होतं म्हणजे काय, मी त्यावर पत्रक लिहिलं होतं. इथे नव्यानं येणाऱ्या मराठी लोकांसाठी आम्ही चार-पाचजणांनी ते काढलं होतं. ‘आजारी पडलात तर सुट्टी टाकू नका. आजारी आहे असं कळवा.’ अक्षरं ठळक. त्याचं शुद्धलेखन ताईनं तपासलं होतं. सोमवारी ट्रेनमध्ये तिनं माझ्यासमोर फोनवर सुट्टीचा अर्ज भरला आणि मी खिडकीबाहेर शिफोलवर उतरणारी विमानं बघत होते.

मंगळवारी आमची मीटिंग लांबली. दहा दिवसांवर नवी सिस्टिम सुरू व्हायची होती. क्लायंटकडून एक कोऑर्डिनेटर बाई येतात, जपानी, पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्या ताईच्या डाव्या हाताला बसल्या होत्या. त्यांनी तिच्याकडे वळून सावकाश इंग्रजीत विचारलं, “टेस्टिंग... बाय फ्रायडे... इज इट पॉसिबल?”

ताई समोरच्या स्क्रीनकडे बघत राहिली.

दोन सेकंद गेले असतील, फार तर तीन. जपानी मीटिंगमध्ये तीन सेकंदांची शांतता म्हणजे काहीच नाही, लोक विचार करतात. मला मात्र ती सहन होत नाही. पुलानं रिकामं राहायचं नसतं. मला वाटलं ताई कचरतेय, आपली टीम कच्ची दिसतेय. मी म्हणाले, “हाइ. गांबारिमास.” हो. करू.

सगळ्यांनी माना किंचित लववल्या. कोणीतरी टाइप केलं. पुढचा मुद्दा.

पावणेचारला बाहेर आलो. कॉफीच्या मशीनपाशी तिनं मला गाठलं.

“काय म्हणालीस गं मघाशी?”

“शुक्रवारपर्यंत नेट लावून करू म्हणाले.”

“मला विचारलं होतं का त्यांनी?”

“हो. तुलाच.”

“बरं.” तिनं घड्याळ बघितलं. “मग आता मी काय करू? डॉक्टर का टेस्टिंग?”

हा प्रश्न तिनं मला सरळ विचारला होता. मी म्हणाले, “डॉक्टर काय, उद्याही असेलच की.”

“तेही खरं. कान काही पळून जात नाहीये,” ती म्हणाली, आणि फोन करून वेळ रद्द केली. मग अर्जही मागे घेतला, अर्धा दिवस वाचला म्हणून खूश झाली. “करते मी मॅनेज.”

हे तिचं क्रियापद. आपल्या सगळ्यांचं. जपान्यांना उगाच नावं ठेवायची नाहीत, त्यांचा शब्द आपल्याकडे आधीच नांगरलेल्या जमिनीवर पडतो. करते मॅनेज. होऊन जाईल. ॲडजस्ट करू.

बुधवारी संध्याकाळी मी तिच्याकडे जेवायला होते. पिठलं-भात. तिच्या घरात एक नियम आहे. मुलीनं डचमध्ये किंवा इंग्रजीत काही विचारलं तर आईला ऐकू येत नाही. ताई भिंतीकडे बघत म्हणते, “मला नाही बाई ऐकू आलं, मराठीत विचार.” मुलगी चिडते, हातपाय आपटते, पण मराठी टिकलीय ती यावरच.

तर मुलगी आली, आईच्या डाव्या बाजूला उभी राहिली आणि डचमध्ये काहीतरी विचारलं. आई भात वाढत राहिली. मुलीनं इंग्रजीत विचारलं. आई भात वाढत राहिली. मुलीनं माझ्याकडे बघून डोळे फिरवले. “दोन दिवस झाले, शी इज सो स्ट्रिक्ट.” मग मोठा श्वास घेऊन, शब्द जुळवत म्हणाली, “मम्मा, मी उद्या मैत्रिणीच्या घरी झोपायला जाऊ शकते का?”

आई भात वाढत राहिली.

“मी मराठी बोलली!” मुलगी ओरडली. “मी पूर्ण मराठी बोलली!”

तेव्हा ताईनं वळून बघितलं. आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो. “काय झालं?” ती म्हणाली. मुलीनं हळूच आईच्या डाव्या कानाजवळ चुटकी वाजवली. मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. तिचा चेहरा मला नीट आठवतो. माझं मला काय वाटलं ते आठवत नाही.

इथे थांबून सांगते, कारण लपवलं तर हे लिहिण्यात अर्थ नाही. बुधवारी संध्याकाळी मला कळलं होतं. गुरुवारी सकाळी डॉक्टरकडे नेता आलं असतं. मी नेलं नाही. ताई म्हणाली, “शुक्रवार होऊ दे, शब्द दिलाय आपण.” आपण नाही, मी दिला होता. मी म्हणाले, “बघ बाई.” दोन दिवस तिनं उजव्या कानाला हेडफोन लावून टेस्टिंग केलं. शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता ते पूर्ण झालं. कोऑर्डिनेटर बाईंनी टीमसाठी तांदळाच्या कुरकुरीत बिस्किटांचा डबा आणला. प्रत्येक बिस्किट वेगळ्या कागदात. ताईनं दोन पर्समध्ये टाकली, मुलीला.

सोमवारी हाऊसआर्ट्स. त्यानं कानात बघितलं, एक धातूचा चिमटा वाजवून तिच्या कपाळावर टेकवला आणि तिच्यासमोरच हॉस्पिटलला फोन लावला. मंगळवारी आम्ही हॉस्पिटलात. कानाची डॉक्टर तरुण होती. तिनं विचारलं, कधीपासून?

“मागच्या सोमवारपासून,” मी म्हणाले.

“मी यांना विचारते आहे,” डॉक्टर म्हणाली.

ताई म्हणाली, “मागच्या सोमवारपासून.”

बंद खोलीत ऐकण्याची तपासणी झाली. कागदावर दोन रेघा आल्या. उजव्या कानाची वर, सरळ. डाव्याची खाली घसरत गेलेली. अचानक जाणाऱ्या कानाला लवकर गोळ्या दिल्या तर कधीकधी तो परत येतो, डॉक्टर म्हणाली. लवकर म्हणजे दिवसांत. मी विचारलं, मागच्या मंगळवारी साडेचारला दाखवलं असतं तर? ती म्हणाली, कदाचित. कदाचित नाही. सांगता येत नाही.

गोळ्या घेतल्या. कान आला नाही.

‘कदाचित’वर पत्रक उभं राहत नाही. मी प्रयत्न केला. चार-पाच संध्याकाळी बसून त्या क्रियापदाविरुद्ध लिहिलं. हा शब्द ऑफिसातून हद्दपार करा, हा शब्द माणसं मारतो, वगैरे. वाक्यं चांगली येत होती. हाताला सवय आहे. आत काही हलत नव्हतं, थंडीत सायकल चालवून आल्यावर बोटं आपली वाटत नाहीत, तसं.

तो कागद मी कोऑर्डिनेटर बाईंना दाखवायचं ठरवलं. दाखवलाही नाही, तोंडानंच सांगितलं, जपानीत, लिफ्टसमोर. तुमच्या एका प्रश्नानं आमच्या माणसाचा कान गेला.

त्यांनी दोन लिफ्ट सोडल्या. मग म्हणाल्या, “मला माहीत नव्हतं. आजारी माणसाला आम्ही तो शब्द म्हणत नाही हो. पूर्वी म्हणायचो. माझी बहीण आजारी होती तेव्हा येणारा प्रत्येक माणूस जाताना तिला म्हणायचा, गांबात्ते. एक दिवस ती म्हणाली, मी तेच तर करतेय, आणखी काय करू? तेव्हापासून मी तो दवाखान्यात म्हटलेला नाही.” आणि म्हणाल्या, “शुक्रवार ही नुसती विचारलेली तारीख होती. हलली असती.”

“नुसती विचारलेली!” मी म्हणाले. “तुम्ही नुसतं विचारता आणि आमच्याकडे माणसं डॉक्टरची वेळ रद्द करतात. आमची परमिटं तुमच्या विचारण्यावर चालतात. हे तुम्हाला माहीत नाही असं म्हणू नका.”

हे मी बोलले आणि हे खरं आहे, मी ते मागे घेत नाही.

“माहीत आहे,” त्या म्हणाल्या आणि खाली वाकल्या, जरा जास्तच वेळ. वर आल्यावर म्हणाल्या, “पण मी तिच्याकडे बघून विचारलं होतं. उत्तर तुम्ही दिलंत.”

लिफ्ट आली. त्या गेल्या.

उन्हाळ्यापर्यंत ताई कामावर येत राहिली. मीटिंगमध्ये खुर्ची बदलून बसायची. कॅन्टीनच्या गलक्यात तिला समोरच्याचंही कळेना. ट्रेनमध्ये डोकं उजव्या बाजूला वळवून मान अवघडायची. दुपारी तिला चक्कर यायला लागली, ती डोळे मिटून बाथरूममध्ये बसायची आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा मुलीला डबा देऊन, मला डबा देऊन ऑफिसला यायची. प्रत्येक तपासणीला वार्षिक सुट्टी टाकायची. मुलगी आता फक्त उजव्या बाजूनं बोलते आणि आईनं न सांगताच मराठीत बोलते. हे मला पाहवत नाही, म्हणजे पाहिलं की मी दुसरीकडे बघते.

एचआरला मी विचारलं, तिच्या त्या सुट्ट्या आजारपणात बदलता येतील का, तिला आता कंपनीच्या डॉक्टरकडे जाता येईल का, कामाचे तास कमी होतील का. म्हणाले, बघू, पण आधी तिनं आजारी असल्याचं कळवायला हवं. स्वतः. तुम्ही नाही.

जुलैमधल्या एका शनिवारी सकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात हे तिला सांगितलं. ती भेंडी पुसत होती.

“सप्टेंबरात परमिटचं रिन्यूअल आहे,” ती म्हणाली. “आत्ता कशाला डोळ्यांवर यायचं?”

“आजारी आहे म्हणून कामावरून काढता येत नाही, ताई. पत्रकात लिहिलंय.”

“मला सांगतेस? तू ‘पडलांत’ लिहिलं होतंस, अनुस्वार मी काढला.” ती हसली. मग हसू गेलं. “कळवून काय होणारे? कान येणारे?”

“कान नाही येणार. दुपारी आडवं पडता येईल.”

ती बराच वेळ एकच भेंडी पुसत राहिली. “तू कर ना फोन सोमवारी,” ती म्हणाली. “तुझं बोलणं बरं असतं. माझ्या वतीनं सांग.”

मी आयुष्यात कोणाला बोलायला नाही म्हटलेलं नाही. माईक दिला की घेते. त्या दिवशी मी नाही म्हणाले. ती रागावली. “एरवी बरी बोलतेस न विचारता,” ती म्हणाली. हे ती पहिल्यांदाच बोलली, चार महिन्यांत. मी तिच्या उजव्या बाजूला बसले होते. उठले नाही.

सोमवारी सकाळी साडेआठला ती मला म्हणाली, ये, पण गप्प बस. मुलगी शाळेत गेली होती. ताईनं फोन उजव्या कानाला लावला आणि एचआरच्या बाईला इंग्रजीत म्हणाली, आय ॲम सिक. मग तिला वाटलं ते पुरेसं नाही. नॉट ऑन लीव्ह, ती म्हणाली. सिक. सिन्स मार्च. तिचा आवाज वर्गात उभं राहून उत्तर देणाऱ्या मुलीसारखा झाला होता. पलीकडून विचारपूस झाली नाही, काय झालंय तेही विचारलं नाही. ती बाई फक्त म्हणाली, बेटरस्खाप. इथे आजारी माणसाला हेच म्हणतात. बरं वाटू दे. समोरच्यानं आणखी काही करावं अशी त्या शब्दात मागणी नाही.

ताईनं फोन ठेवला. कॅलेंडरमधल्या त्या दिवसाच्या मीटिंगा एकेक करून नाकारल्या. मग आत जाऊन झोपली. सकाळी नऊ वाजता. मी भांडी घासली आणि एकटी ट्रेननं ऑफिसला गेले. तिथे मला विचारलं, टेस्टिंगचं काय? मी म्हणाले, मला माहीत नाही, ती आजारी आहे. तीन सेकंद शांतता झाली. मी ती होऊ दिली.

ती आता अर्धा दिवस काम करते. परमिट मिळालं. कान नाही.

आता तुम्ही. हे वाचणारे तुम्ही बहुतेक आमच्यासारखेच असाल, पुण्या-मुंबईहून आलेले, परमिटवर असलेले, सगळं मॅनेज करणारे. पर्सनल वर्क म्हणून टाकलेली एखादी सुट्टी तुमच्या नावावर आहे, जी खरं तर ताप होती, पाठ होती, छातीतली धडधड होती. फोन उचला आणि ‘मी आजारी आहे’ म्हणा. पुढच्या आठवड्यात नाही, रिन्यूअलनंतर नाही, उद्या सकाळी साडेआठला. स्वतःच्या तोंडानं. आणि मीटिंगमध्ये तुमच्या शेजारच्या बाईला कोणी काही विचारलं आणि ती गप्प राहिली, तर तोंड बंद ठेवा, तिच्याकडे वळा आणि तिला ऐकू आलं का ते विचारा.